सवायकी कोण सांगणार

‘ही वेळ नव्हे’ हे तीन शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले आहेत की अजूनही कुणी ते उच्चारले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी विधवा झाले आणि वडिलांनी मला पुढं शिकवायचं ठरवलं, तेव्हा भावकी म्हणाली, ही वेळ नव्हे, आधी धाकटीचं लग्न होऊ द्या. मी नोकरी धरली तेव्हा भाऊ म्हणाला, ही वेळ नव्हे, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतात ते ऐकत बसले असते तर आज जुन्या जालन्यातल्या आमच्या माजघरात डोक्यावर पदर ओढून वाती वळत असते. मला राग लवकर येतो, असं माझ्याबद्दल सगळेच सांगतात. खरं आहे. पण तो उगाच येत नाही.

निजामी अमदानीच्या अगदी अखेरीला मी राजूर आणि हसनाबाद यांच्या मधल्या एका गावात मुलींच्या सरकारी शाळेची मुख्य बाई होते. मुख्य म्हणायचं एवढ्याचसाठी की दुसरी कुणी नव्हतीच. बिनयत्तेपासून चौथीपर्यंतच्या सगळ्या मुली एकाच खोलीत बसायच्या आणि ती खोली म्हणजे पाटलांचा जुना गोठा. सरकारकडं इमारत नव्हती, पाटलांकडं रिकामा गोठा होता. त्यांनी दावणी उखडल्या, भिंती सारवून दिल्या आणि गावभर सांगितलं की मी शाळा दिली. दिली हे खरंच. जागेचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. त्यांनी जे मागितलं ते वेगळं होतं.

गोठ्याला पुढं पडवी होती. महारवाड्यातल्या मुली त्या पडवीत बसायच्या. मी रुजू झाले त्याच दिवशी विचारलं, ह्या बाहेर का? तर पाटील अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, आधीच्या बाईंच्या टायमापासून तसंच चालून राह्यलंय. जागा आमची हाय, इटाळ चालत न्हाई.” ज्या जागेत काल-परवापर्यंत बैल शेण टाकत होते तिथं माणसाच्या लेकरानं बसलं की विटाळ! मी तेव्हा मोहतमीम साहेबांना, म्हणजे शाळा तपासणाऱ्या आमच्या वरिष्ठांना, कळवलं. उत्तर आलं की मुली शाळेत येताहेत ना, मग जागेच्या मालकाशी वाद घालू नये. मी गप्प बसले नाही, पण माझ्या बोलण्यानं त्या मुलींचं बूड पडवीतून आत सरकलं नाही हेही तितकंच खरं.

एका बाईनं पाच इयत्ता सांभाळायच्या म्हणजे एक युक्ती लागते. ती मी शोधलेली नव्हती, सगळीकडं तीच होती. एक चांगल्या आवाजाची, चांगल्या पाठांतराची मुलगी पुढं उभी राहायची आणि पाढे सांगायची. बाकीच्या तिच्या मागून म्हणायच्या. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे. तेवढ्या वेळात मी कोपऱ्यात लहानग्यांची अक्षरं गिरवून घ्यायची. सांगणारी मुलगी म्हणजे अर्धी बाईच. तिचा मान मोठा असायचा. आयाबाया ओढ्यावर धुणं धुताना विचारायच्या, आता कोण सांगते गं शाळेत? आणि जिची लेक सांगायची तिची मान ताठ व्हायची.

आमच्या शाळेत वाण्याची मुलगी सांगायची. पण दिवस वाईट आले होते. पलीकडं वऱ्हाडात स्वातंत्र्य आलं होतं, झेंडे लागले होते. आमच्या हद्दीत झेंडा घरात सापडला तरी माणूस उचलून नेत. जालन्याच्या रस्त्यावर खाकी कपड्यांतली हत्यारबंद माणसं कवायत करत फिरायची. कुठं घर जाळलं, कुठं दुकान फोडलं, अशा बातम्या बाजारच्या दिवशी यायच्या. त्यातल्या खऱ्या किती आणि वाढवलेल्या किती हे कुणालाच कळत नव्हतं आणि म्हणून भीती अधिकच पसरायची. अशातच एका सकाळी वाण्याचं कुटुंब गाडीत सामान भरून वऱ्हाडाच्या वाटेला लागलं. जाताना ती मुलगी शाळेच्या दाराशी उतरली, माझ्या पाया पडली आणि रडत परत गाडीत चढली. शाळेत पाढे सांगणारं कुणी उरलं नाही.

मी पाटलांच्या नातीला उभं केलं. मुलगी गुणी होती, पण धीट नव्हती. सवायकीत सातापाशी अडखळली. “सहा सवा साडेसात, सात सवा…” आणि पुढं काही नाही. मी कोपऱ्यात एका चिमुरडीचा हात धरून ‘ग’ गिरवत होते, मान वर केली नाही. तेवढ्यात खणखणीत आवाज आला, “सात सवा पावणेनऊ!” साऱ्या मुली एका सुरात मागून म्हणाल्या, “सात सवा पावणेनऊ.” मग आठ सवा दहा, नऊ सवा सव्वाअकरा. गाडी भरधाव निघाली. वीस सवा पंचवीसपर्यंत खंड नाही. पाढा संपला, मुलींनी श्वास सोडला आणि तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आवाज पडवीतून येत होता.

ती महारवाड्यातल्या एका सालदाराची मुलगी होती. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणारा गडी. हा पाटलांच्याच शेतावर होता. पोर काटक, कपाळावर खोक पडल्याची जुनी खूण. मी तिला म्हटलं, “आत ये आणि पुढं उभी राहून सांग.” ती आली. उंबऱ्यावर क्षणभर थबकली, मग आलीच. कुणीही मुलगी उठून गेली नाही. मी सांगते आहे ते नीट ऐका. मुलींपैकी एकही उठली नाही. त्यांना पाढे हवे होते.

उठली ती मोठी माणसं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी खोली ओस. पडवीतल्या मुली तेवढ्या आल्या. पाटील स्वतः आले. खुर्ची एकच होती, ती मी त्यांना दिली नाही. ते दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, एक वेळ आत बसणं समजू शकतो मी. पर आमच्या पोरी तिच्या मागून म्हणायलेत! मागून म्हणणं म्हंजे काय हे तुम्हाला सांगाया पाहिजे का?”

“तिला येतं म्हणून म्हणतात,” मी म्हटलं. “तुमच्या नातीला आलं तर तिच्या मागून म्हणतील.”

“तुमचं बराबर हाय. बिलकुल बराबर हाय. पर दिवस कसे चालून राह्यले ते तुम्ही बघताच की. गावानं एक राह्यलं पाहिजे. ही वेळ न्हाई असलं काढायची.”

घ्या! तिथंही तेच. मी विचारलं, “गावानं एक राहायचं म्हणता, मग ते गावातले नाहीत का?” पाटलांनी असं पाहिलं जणू मी त्यांना शिवी दिली. “ते हायेतच की गावातले,” म्हणाले, “पर त्यांच्या जागी.” आणि निघून गेले. त्या काळात ज्याला त्याला आपली जागा हवी होती. आम्हा हिंदूंना राज्यात जागा नाही म्हणून पाटलांच्या ओसरीवर दबक्या आवाजात केवढ्या चर्चा चालायच्या! जुलूम, अन्याय, हक्क असले शब्द मी तिथं शेजारच्या खोलीत बायकांत बसून ऐकलेले आहेत. त्या ओसरीवरून माझ्या पडवीपर्यंत हाक ऐकू येईल एवढंच अंतर होतं. त्यांतला एकही शब्द तेवढं अंतर चालून आला नाही.

मी त्या थोड्या मुलींना घेऊन शाळा चालू ठेवली. पडवीत नाही, आत. भाऊ जालन्याहून येऊन गेला. परत चल म्हणाला, इथं दोन्हीकडून जीव जाईल तुझा. मी त्याला भाकरी वाढली आणि गाडीला लावून दिला.

मग मोहतमीम साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं आणि पाटलांची झोप उडाली. ओस शाळा दिसली असती तर साहेबांनी ती बंद करून दुसऱ्या गावाला नेली असती. पाटलांना मुलींच्या शिक्षणाचा कळवळा होता म्हणून ते घाबरले, असं कुणाला वाटत असेल तर त्याला मी हात जोडते. त्या दिवसांत आपल्या जागेत सरकारी शाळा असणं ही ढाल होती. कुणी खाकीवाला आला तर दाखवता यायचं की आम्ही सरकारच्या कामातली माणसं आहोत. ती ढाल जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी घरोघर निरोप पाठवले, मुली परत धाडा. आणि माझ्याकडं तोड घेऊन आले.

तोड अशी होती. मुली परत येतील. त्या सालदाराच्या पोरीसकट महारवाड्यातल्या मुलींनी पुन्हा पडवीत बसायचं. पण तपासणीत पाढे चांगले व्हायला हवेत, तेव्हा सालदाराच्या पोरीनं दारापलीकडं उभं राहून सांगायचं आणि आतल्या मुलींनी म्हणायचं. पाटील अगदी खुशीत होते. “आवाजाला कुठं शिवाशिव असती बाई? कानाला थोडाच इटाळ होतो!”

मी हसले. रागानं माणूस हसतो तसं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. काम आत घ्यायचं आणि माणूस बाहेर ठेवायचा. त्यांनी पिकवलेली ज्वारी आत, वाहून आणलेली लाकडं आत, आता पाढेही आत. मी म्हटलं, “मी हे करणार नाही. ती सांगेल तर आत उभी राहून सांगेल.” पाटील म्हणाले, “बघू.”

काय बघणार होते ते लवकरच कळलं. खळी चालू होती, गावभर मळणीची घाई होती आणि मुलीच्या बापाला पाटलांनी खळ्यावरून परत पाठवलं. दुसऱ्या कुणीही त्याला उभं केलं नाही. मळणीत पदरात पडणारं धान्य म्हणजे त्यांच्या घरची पुढची कित्येक महिन्यांची भाकरी. तो शाळेपाशी आला, पडवीच्याही खाली उभा राहिला. मी वर ये म्हटलं तरी आला नाही. नजर जमिनीवर ठेवून म्हणाला, “बाई, बसवा तिला बाहीर. पाया पडतो तुमच्या. माझी लेकरं उपाशी मरतेन.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यावर नाही. पण समोर उभा तोच होता. मी काय बोलणार त्याला? मला दरमहा पगार होता. मी मुलीला बोलावलं आणि त्याच्यासमोरच विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

ती बापाकडं पाहून म्हणाली, “बसते मी बाहीर.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “पर सांगणार न्हाई, बाई.”

“का गं?”

“मला आत येऊ देत न्हाईत, तर मंग माझा आवाज बी आत न्हाई यायचा.”

बापानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता रागावेल. पण तो तसाच वळला आणि गेला. ती पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी बाप खळ्यावर दिसला. पाटलांना वाटलं, आपलं झालं. पोरीनं तोंडाला कुलूप घातलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगायला गेले नाही.

साहेब आले ते टांग्यातून, बरोबर दोन बंदूकवाले शिपाई. काळच तसा होता. साहेब वयस्क, दमलेले, पांढऱ्या दाढीचे. मुली नटून आलेल्या. खोली गच्च भरलेली. पाटील नवा फेटा बांधून साहेबांच्या शेजारी उभे. वाचन झालं, उर्दूचे चार शब्द झाले, मग साहेब म्हणाले, “अब सवायकी.”

नात उभी राहिली. तिनं सुरुवात केली. पाटलांनी हळूच दाराकडं पाहून मान हलवली, म्हणजे पडवीतून आता आवाज यावा. आला नाही. नात घाबरली, मागच्या मुली घाबरल्या, आणि सातापाशी गाडी रुतली ती रुतलीच. पाटलांनी पुन्हा मान हलवली. मग खाकरले. पडवीत बाकीच्या मुलींमध्ये ती पोर भिंतीला टेकून समोरच्या बाभळीकडं बघत बसून होती.

साहेबांनी विचारलं, “रोज कौन बोलती है आगे?”

मुली पाटलांकडं बघू लागल्या. मग बिनयत्तेतल्या एका चिमुरडीनं बोट दाराकडं केलं. तिला अजून शिवाशिव नीट शिकवून झालेली नव्हती. साहेबांनी वाकून बाहेर पाहिलं. “वो बाहर क्यूँ बैठी है?”

मी म्हटलं, “पाटील साहेब से पूछिए. जगह उनकी है.”

पाटलांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. त्यांनी घाम पुसला, हसल्यासारखं केलं आणि मोठ्यानं हाक मारली, “अगं पोरी, बाहीर काहून बसलीस? आत ये, आत ये. साहेबांना पाढे म्हणून दाखव. जल्दी.”

ती उठली. परकर झटकला. उंबऱ्यापाशी आली आणि तिथंच थांबली. पाटलांकडं तिनं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहून विचारलं, “बाई, आजच्यापुरतं का रोजचं?”

साहेबांनी विचारलं, “क्या पूछ रही है बच्ची?” मी त्यांना सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, सावकाश, आणि मग पाटलांकडं तोंड करून उभी राहिले. साहेबही त्यांच्याकडं बघू लागले. बंदूकवाले शिपाईसुद्धा.

“रोजचं,” पाटील म्हणाले.

“मोठ्यानं सांगा,” मी म्हटलं. “मुलींना ऐकू गेलं नाही.”

“रोजचं!”

तिनं उंबरा ओलांडला आणि सातापासून धरलं.

साहेब खूश झाले, पाटलांकडं जेवले, शाळा उत्तम असल्याचा शेरा मारून गेले. त्या शेऱ्यात मुलीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांना शाळा भरलेली हवी होती, ती होती. पडवी रिकामी झाली. पाटलांनी दिलेला शब्द पाळला, कारण साहेबांपुढं दिलेला शब्द त्या दिवसांत मोडायला छाती लागली असती. काही घरांतल्या मुली कायमच्या बंद झाल्या, बऱ्याच टिकल्या. पुढं राज्य बदललं, झेंडा लागला, आणि त्या समारंभात पाटलांनी भाषण केलं की आमच्या गावात आम्ही भेदभाव आधीच काढून टाकला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, तरी वाजवल्या नाहीत.

हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा भाऊ पोट धरून हसला. पोरगी भारीच चलाख, म्हणाला. नंतर ज्यांना ज्यांना सांगितला ते सगळे असेच हसले, कशी पाटलांची जिरवली म्हणून. त्या हसण्याचा मला राग येतो. कारण तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, ती पाटी पुसत बसलेली असताना मीही तिला असंच कौतुकानं विचारलं होतं, अगं, पाटील आजच्यापुरतं म्हणाले असते तर काय केलं असतंस?

तिनं पाटीवरून मान वर केली नाही.

“गेले असते की परत. बाबानंच सांगितल्तं, साहेबापुढं आत बोलावलं तर इचार म्हून. आजच्यापुरतं म्हणले तर सांगू नको, सरळ वेशीकडं ये, म्हणला. घरात काई ठेवलं नव्हतं, बाई. आई समदं गाठोडं बांधून वेशीपाशी बसल्ती, धाकट्याला घेऊन.”